तमाले : माणसाच्या खाण्यासाठी

तीस वर्षं मी लोकांच्या मालाची कागदपत्रं करतोय. सिंगापुरातल्या हार्बरफ्रंटच्या आमच्या शिपिंग कंपनीत माझ्या सहीशिवाय कंटेनर हलत नाही, असं मी निदान पुण्याच्या नातेवाइकांना तरी सांगत असतो. माझ्या कागदांवर बुलडोझर गेले, संगमरवर गेला, एकदा तर एका सर्कशीचा अख्खा तंबू गेला; कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते फक्त दोन किलो मक्याच्या पानांचं, आणि ती माझी स्वतःची होती.

पण आधी अवनीचं सांगायला हवं. अवनी ही आमची एकुलती एक मुलगी. शिकागोत आधी शिक्षण, मग नोकरी अशी तीन वर्षं काढून मे महिन्यात सिंगापूरला परत आली आणि पाया लेबारला एका ऑफिसात कामाला लागली. सकाळी जायची, संध्याकाळी यायची, जेवून आपल्या खोलीत जायची. सगळं उत्तम चाललं होतं, असं मी धरून चाललो होतो. मग ऑक्टोबरात तिच्या शिकागोच्या कंपनीची मेल आली, की जानेवारीपासून परत ये, उत्तर या महिन्याच्या शेवटच्या सोमवारपर्यंत कळव. अवनीनं मेल आम्हाला वाचून दाखवली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "बघू." आमच्या घरात 'बघू' मी म्हणतो आणि त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. तिच्या 'बघू'चा अर्थ मला लागेना.

ती जायला मला नको होती. हे मी अर्थातच कुणाला बोललो नाही. "तुझं आयुष्य, तुझा निर्णय," असं पुढारलेल्या बापाला शोभेल असं वाक्य टाकलं आणि पंख्याखाली बसून, तिनं जाऊ नये म्हणून काय करता येईल, याचा विचार करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, शिकागोतलं सगळ्यात जास्त काय आठवतं?" मला वाटलं, तळं म्हणेल, लायब्ररी म्हणेल. ती म्हणाली, "तमाले."

तमाले म्हणजे काय, हे तिनं आम्हाला आमटी गार होईपर्यंत सांगितलं. इतकं सलग ती मेपासून बोललीच नव्हती. ती राहायची तो पिल्सन नावाचा भाग, तिथं सगळी मेक्सिकन वस्ती, भिंतींवर भलीमोठी चित्रं, पहाटेपासून पावांचा वास. तिच्या बसथांब्यापाशी, अठराव्या रस्त्याच्या नाक्यावर, दोन्या एलविरा नावाच्या बाई निळी पेटी घेऊन उभ्या असायच्या. दोन्या म्हणजे आपण 'बाईसाहेब' म्हणतो तसं. पेटीत मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवलेले तमाले. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून, वाटून त्याचं पीठ करायचं, ते पानावर थापायचं, आत मिरचीचे लांब तुकडे आणि चीज, की पान मिटून वाफेवर. हातात घेतला की हातमोज्यातूनही ऊब लागते, म्हणाली.

"म्हणजे पानगीच की," आमच्या संजीवनीबाई म्हणाल्या. "तव्याऐवजी वाफेवर."

"आई, पानगी नाही गं. वेगळं असतं."

संजीवनी आमटी पुन्हा गरम करायला घेऊन गेली, मी मात्र पेटलो. माझा तर्क सरळ होता. तिथं जे मिळतं तेच, हुबेहूब, इथं आपल्या घरात मिळालं, तर माणूस तिथं कशाला जाईल? 'हुबेहूब' या शब्दावर माझा भर होता. सोमवारला एकोणीस दिवस होते.

पहिला प्रश्न चुन्याचा. आमच्याच मजल्यावर चारुदत्त राहतो. तो बँकेत आहे, त्यामुळे त्याला सगळं माहीत असतं. तो म्हणाला, "अरे, कसला चुना काय विचारतोस! पानाला लावतो तोच. कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटिल इंडियात जा." मी गेलो. पानवाला उत्तरेकडचा, भला माणूस होता. मी म्हटलं, "चुना चाहिए, आधा किलो."

"आधा किलो?" त्यानं माझ्या दातांकडे निरखून पाहिलं. "घर में कितने लोग खाते हैं?"

"तीन."

त्याच्या चेहऱ्यावर जी काळजी दाटून आली ती पाहून मी खरं कारण सांगितलं; सांगायला नको होतं. लेक परदेशातून आलीय, तिच्यासाठी खास पदार्थ करायचाय. त्याचा चेहरा एकदम उजळला. खाली वाकून त्यानं वेगळा डबा काढला आणि म्हणाला, "फिर तो ये लीजिए, स्पेशल।"

मका मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लाह्यांचा आणला, कारण मका तो मका. तो चुन्याच्या पाण्यात दोन तास उकळला, रात्रभर भिजवला, इडलीच्या ग्राइंडरमध्ये घातला. ग्राइंडरनं असा आवाज केला की शेजारच्या मिसेस क्वेक दार ठोठावून विचारून गेल्या, भिंत पाडताय का. लाह्यांच्या मक्याचं साल निघता निघत नाही, हे तेव्हा कळलं. आणि पानं अजून नव्हती म्हणून इडलीपात्रात लावलेल्या पिठाला वाफ आल्यावर दुसरी गोष्ट कळली. 'स्पेशल' म्हणजे चुन्यात वेलची, पेपरमिंट आणि गुलाबपाणी होतं. आमच्या पहिल्या तमाल्याला लग्नाच्या पंगतीनंतरच्या मसाला पानाचा वास येत होता. अवनीनं एक घास खाल्ला, बराच वेळ चावला आणि इथल्या सगळ्यांसारखं शेवटी 'लाह' लावून म्हणाली, "बाबा, नो नीड लाह. खरंच." चारुदत्तानं मात्र तीन खाल्ले. त्याचं म्हणणं, जेवण आणि जेवणानंतरचं एकदमच झालं, वेळ वाचला.

मी खचलो नाही. साधा चुना मिळाला. सेरंगून रोडवरच्या एका किराणा दुकानात मागच्या फळीवर पांढरा टपोरा मका मिळाला. प्रमाण हवं होतं, म्हणून अवनीला सांगितलं, तुझ्या बाईसाहेबांना विचार, मक्याला पाणी किती, तूप किती, ग्रॅममध्ये. (तिथं डुकराची चरबी घालतात. शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी बाई वेगळं तेल वापरायच्या. आमच्याकडे तूप ठरलं.) उत्तर आलं, ते अवनीनं वाचून दाखवलं, "पीठ मागेल तेवढं." मी म्हटलं, पुन्हा विचार. पुन्हा तेच आलं, वर असंही, की गोळा पाण्यात टाकून बघा, तरंगला की झालं. संजीवनी पोळ्या लाटता लाटता हसली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, कणकेला पाणी किती या प्रश्नाला मला तिच्याकडूनही हेच उत्तर मिळत आलंय. या बाबतीत जगभरच्या बायकांचं आधीच काहीतरी ठरलेलं असावं, असा मला दाट संशय आहे.

राहिली पानं. ती मी शिकागोहूनच मागवली. हुबेहूब म्हणजे हुबेहूब. आठवड्याभरात पार्सल सिंगापुरात आलं आणि थांबलं. मला सरकारी कचेरीचं पत्र आलं, की वनस्पतिजन्य माल आहे, खालीलपैकी एका रकान्यात खूण करा : लागवडीसाठी, जनावरांच्या खाण्यासाठी, माणसाच्या खाण्यासाठी. मी पेन उघडलं आणि तसाच बसलो. तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच मला रकाना सापडेना. शेवटी त्या कचेरीत फोन केला. एक अतिशय नम्र मुलगी बोलत होती.

"सर, तुम्ही ही पानं खाणार आहात का?"

"नाही. त्याच्या आतलं खाणार."

"आत आत्ता काय आहे?"

"आत्ता काही नाही."

"मग हे पॅकिंगचं सामान झालं, सर. कोणत्या मालाचं पॅकिंग?"

"तो माल अजून तयार व्हायचाय."

तिनं आपली यादी पुन्हा चाळली. मग म्हणाली, "सर, मालाशिवाय पॅकिंग मी कोणत्या नावावर चढवू?" खरं सांगतो, चूक तिची काडीचीही नव्हती. तिच्या खुर्चीवर मी असतो तर मीही हेच विचारलं असतं, फक्त इतक्या गोड आवाजात नाही. ती म्हणाली, लेखी खुलासा द्या. मी ऑफिसातच बसून दोन पानी खुलासा लिहिला, तमाल्याच्या आकृतीसकट. आमच्या ऑफिसात तो फिरला. कोणीतरी त्याची प्रत काढून चहाच्या मशीनपाशी लावली. त्यानंतर आमच्या विभागातली कालपरवा लागलेली पोरंसुद्धा येऊन "सर, कागद नीट भरलेत ना?" असं मला विचारायला लागली.

खुलाशाचं उत्तर येईपर्यंत हात बांधून बसणं माझ्या स्वभावात नाही. बाजारातून वीस ताजी कणसं आणली. दाणे आम्ही चार दिवस उसळीत, भातात आणि शेवटी पोह्यांतही खाल्ले. पानं वाळवायची होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, इथल्या सगळ्या बिल्डिंगींत असतात तसे, कपडे वाळत घालायचे लांब बांबू आहेत. त्यांना मी पानं चिमट्यांनी लावली. आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. दुपारी वारा सुटला तेव्हा मी ऑफिसात होतो.

संध्याकाळी घरी आलो तर लिफ्टमध्ये रंगीत नोटीस. 'खिडकीतून कचरा टाकू नये.' खाली पुराव्यादाखल फोटो, कोणाच्या तरी पांढऱ्या स्वच्छ चादरीवर पडलेलं मक्याचं पान. माझा चिमटा अजून त्याला तसाच होता. लिफ्टमध्ये चारुदत्त होता. त्यानं नोटीस मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "कोण माणसं राहायला येतात बघ हल्ली!" मी म्हटलं, "हो ना." अकरा मजले इतके लांब असतात, हे मला ठाऊक नव्हतं.

मिसेस क्वेक मात्र ओळखून होत्या. त्या सत्तरीच्या, एकट्या राहतात. रात्री आठ पानं गोळा करून घेऊन आल्या. "युअर लीफ, लाह." मग त्यांनी सगळा प्रकार ऐकून घेतला, पानावर थापलेलं पीठ पाहिलं आणि निकाल दिला, की हा मेक्सिकन वगैरे काही नाही, हा सरळ सरळ 'चांग' आहे. म्हणजे त्यांचे भाताचे लाडू, बांबूच्या पानात बांधून उकडलेले. मी दोरा बांधत नाही हे पाहून त्यांना फार वाईट वाटलं. "नो स्ट्रिंग, हाऊ कॅन?" असं तीनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दाराला दोऱ्याचं रीळ अडकवून गेल्या. त्या खेपेचे तमाले हिरव्या, अर्धवट वाळलेल्या पानांमुळे गवतासारखे लागले. अवनीनं मात्र या वेळी दोन खाल्ले. मी ते वहीत टिपून ठेवलं.

असं करता करता शेवटचा शनिवार आला. परवा सोमवार. पार्सल अडकलेलंच होतं. अवनी सकाळपासून लॅपटॉप उघडायची, ती मेल काढायची आणि मिटायची. मी वर्तमानपत्राआडून मोजत होतो, पाच वेळा. संध्याकाळी संजीवनी बाहेरून आली ती केळीची पानं घेऊन.

"हे काय?" मी म्हटलं.

"पानं."

"अगं, पण मक्याची लागतात. हुबेहूब—"

"तुमचं हुबेहूब सरकारदरबारी पडलंय," ती म्हणाली. "पाणी उकळलंय. पानं पुसायला घ्या."

मी घेतली. संजीवनीनं पीठ मळलं, तूप फेसून घातलं, बोटांवर घेऊन पाहिलं, अजून थोडं पाणी घातलं. कुणाला विचारलं नाही. अवनीनं पाण्याच्या पेल्यात पिठाचा गोळा सोडला. आम्ही तिघं त्या पेल्याकडे बघत उभे राहिलो. गोळा आधी तळाला गेला, मग सावकाश वर आला आणि राहिला. अवनी टाळ्या पिटून हसली. लहानपणी हसायची तशी.

मग तिघं टेबलाशी बसून पानांवर पीठ थापायला लागलो. हात कामात असले की माणसं बोलतात. मी म्हटलं, "त्या बाईसाहेबांची नि तुझी ओळख कशी झाली गं? रोजचं गिऱ्हाईक म्हणून?"

"पहिल्या वर्षी मी आजारी पडले होते ना," अवनी म्हणाली. मिरचीचे तुकडे ती फार मन लावून रांगेत ठेवत होती. "फेब्रुवारीत. ताप उतरतच नव्हता. रूममेट घरी गेलेली. मी तीन दिवस बसथांब्यावर दिसले नाही, तर चौथ्या दिवशी दोन्या एलविरा शोधत आल्या. नाक्यावरच्या दुकानदाराला विचारत विचारत, तीन जिने चढून. मक्याची गरम पेज आणली होती. मग रोज यायच्या, पेटी संपली की. दहा दिवस. डॉक्टरकडेही त्यांनीच नेलं."

मी म्हटलं, "आम्हाला तर तू काही बोलली नाहीस."

"फोनवर तुम्ही विचारलंत, तापमान किती आहे. मी म्हटलं, उणे पंधरा."

"ते मी तिथल्या हवेचं विचारत होतो."

"माहितेय, बाबा."

"पण का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी विमानात बसला असतात आणि मला घेऊन परत आला असतात." ती रागानं म्हणाली नाही. नुसतं सांगितलं. आणि ते तंतोतंत खरं होतं. मी येताना तिच्या कॉलेजच्या दाखल्याचा अर्जसुद्धा भरून आणला असता.

संजीवनीनं पानं मिटली आणि मोदकपात्रात एकाला एक लावून उभी ठेवली. मला मात्र फार लाज वाटली. सतरा दिवस मी त्या बाईंच्या पदार्थाची नक्कल करत होतो, अवनीला इथं धरून ठेवायला. आणि त्या बाई, तिला तिथं राहता यावं म्हणून, जिने चढल्या होत्या.

तासाभरानं पहिला तमाला उघडला. केळीच्या पानाचा वास घरभर झाला. अवनीनं खाल्ला, डोळे मिटले, आणि उठून फोन लावला. आमच्याकडे संध्याकाळचे आठ, शिकागोत सकाळचे सात. पडद्यावर दोन्या एलविरा आल्या. मी कल्पनेत त्यांना धिप्पाड केलं होतं. त्या चणीनं लहान, लोकरीची टोपी घातलेल्या, आमच्या संजीवनीच्याच वयाच्या निघाल्या. मागे निळी पेटी आणि पाचसहा माणसांची रांग.

अवनीनं तमाला कॅमेऱ्यापुढे धरला. पान चुकीचं होतं, हे मी विसरलो नव्हतो. बाई पुढे वाकून बघत राहिल्या. मग काहीतरी बोलल्या, एकदम हळू.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, केळीचं पान! त्यांच्या गावी त्यांची आई केळीच्याच पानात करायची. शिकागोत आल्यावर त्यांनी मक्याचं धरलं. तिथं केळीची पानं बर्फातली मिळतात, उलगडली की फाटतात. आणि गिऱ्हाइकांना मक्याचंच खरं वाटतं." मग ती पुन्हा ऐकून म्हणाली, "विचारतायत, कुणी केले?"

मी संजीवनीकडे बोट दाखवलं. संजीवनीनं पदराला हात पुसून नमस्कार केला. बाईंनी तिकडून हातमोज्यासकट हात हलवला आणि आणखी काही विचारलं. या वेळी अवनीनं सांगितलं नाही.

"आता काय म्हणाल्या?"

"काही नाही. असंच."

"कधी येणार, असं विचारतायत," संजीवनी म्हणाली. तिला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही.

अवनी माझ्याकडे बघत होती. 'बघू' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तिचा निर्णय केव्हाच झाला होता. ती थांबली होती ती माझ्यासाठी; मी पीठ वाटत होतो, खुलासे लिहीत होतो, चिमटे लावत होतो, आणि तिला ते सगळं दिसत होतं, म्हणून तिला मेलला उत्तर देववत नव्हतं.

"सांग त्यांना," मी म्हटलं. "जानेवारीत."

"बाबा—"

"अगं सांग. मागे रांग खोळंबलीय."

तिनं सांगितलं. बाई खूश होऊन बरंच काही बोलल्या, आणि या वेळी सरळ माझ्याकडे बघून. अवनी डोळे पुसत हसायला लागली.

"म्हणतायत, जानेवारी वाईट असतो. पण तुम्ही काळजी करू नका. सकाळी साडेसहाला मी तिथं असतेच."

मी मान डोलावली. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि माझ्याकडे तीस वर्षांची इंग्रजी होती, पण त्यातलं काही कामाचं नव्हतं. शेवटी मी अवनीला म्हटलं, "त्यांना विचार, त्या आज काही खाऊन निघाल्या आहेत का."